ओळख, मी कोण

सोमवार, ३ मार्च

ही डायरी नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, "तुझ्या शिकाऊ लोकांच्या गमती रोज जेवताना सांगतेस, त्या यात लिही. म्हणजे मला निवांत जेवता येईल." चष्म्यांची भिंगं घासणारा माणूस, बोलतोही घासून. असो.

आजपासून मी माझी मालकीण. जुन्या ड्रायव्हिंग स्कूलला रामराम ठोकला, गाडी घेतली (जुनी, पण इंजिन ठणठणीत), टपावर पाटी लावली. शेजारच्या सीटपुढे माझ्यासाठी वेगळा ब्रेक बसवून घेतला. शिकणारा कितीही धांदरट असो, माझा उजवा पाय त्या ब्रेकवर असला की मला कशाचीही भीती नाही.

पहिले विद्यार्थी एक निवृत्त मास्तर. वळायच्या आधी मोठ्याने "वळतो आहे" म्हणतात आणि सरळच जातात. तीनदा ब्रेक मारला. नवऱ्याचं म्हणणं असं की मी घरीसुद्धा ब्रेक मारते. दूध उतू चाललं, भिंगरी जिन्यावरून धावत सुटली, की माझा पाय फरशीवर दाबला जातो म्हणे. धादांत खोटं! इतकी वर्षं संसार करून माणसाने असं निराधार बोलावं?

भिंगरी म्हणजे आमची लेक, वय वर्षं आठ. एका जागी बसेल तर शपथ. रात्री जेवताना तिने मास्तरांची नक्कल केली. त्यांना तिने फक्त मागच्या सीटवरून एकदा पाहिलंय, तरी मान वळवायची ढब हुबेहूब. हा आमच्या घरचा खेळ आहे, "ओळख, मी कोण". नियम माझे. नक्कल करणाऱ्याने नाव सांगायचं नाही. ओळखेपर्यंत थांबायचं नाही. ओळखणाऱ्याला तीन संधी, तिन्ही चुकल्या की डाव त्याच्यावर. आणि "काय झालं, असं काय करतेस?" असं विचारलं की तो बाद. हा शेवटचा नियम नवऱ्यासाठी करावा लागला, कारण तो दर वेळी थर्मामीटर आणायला उठायचा.

भिंगरी सगळ्यांची नक्कल करते. बाबाची केली की मी हसून लोळते. माझी मात्र कधी करत नाही. माझ्यात नक्कल करण्याजोगं काही नसावं. सरळ माणूस आहे मी.

बुधवार, ५ मार्च

भिंगरीच्या तोंडावर सकाळी बारीक लाल पुरळ. दुपारपर्यंत पोटावर, पाठीवर. कानांमागे गाठी. ताप नावापुरता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "हा गोवर नाही, गोवराचा गरीब भाऊ. रुबेला. तीन दिवसांत जाईल. आठवडाभर शाळेत पाठवू नका, बाकी काळजी नको." रक्त तपासायला घेतलं, नोंद करावी लागते म्हणाले.

काळजी नको म्हटल्यावर मीही केली नाही. भिंगरी आरशासमोर पुरळ मोजत बसली होती.

शनिवार, ८ मार्च

पुरळ गेलं. मागमूससुद्धा नाही. आता बाईसाहेबांना घरात कोंडून ठेवायचं म्हणजे माझ्या नाकी नऊ. आज तळमजल्यावरच्या काकांची नक्कल झाली. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते पाय फाकवून, एक हात भिंतीला लावून चालतात. मी पहिल्याच फटक्यात ओळखलं. नवरा म्हणाला, "काकांनी पाहिलं तर?" काकांनी पाहिलंच, दारातच उभे होते, साखर मागायला आले होते. ते म्हणाले, "पोरी, डावा हात नाही, उजवा," आणि तिला नीट शिकवून गेले.

आणखी दोन विद्यार्थी आले. उद्योग चालणार असं दिसतंय.

सोमवार, १० मार्च

आज भिंगरीचं काय बिनसलंय कळत नाही. सकाळी डोकं दुखतं म्हणाली, मग उलटी. काल आईस्क्रीम हादडलं, त्याचं हे फळ, असं मी म्हटलं. दुपारभर लोळली. ही पोरगी दुपारी झोपते? मी म्हटलं, चला, घरात शांतता.

संध्याकाळी उठून स्वयंपाकघराकडे निघाली ती काकांची नक्कल करत. पाय फाकवलेले, हात भिंतीला. मी ओट्यापाशी होते, वळून म्हटलं, "काका!" आता ओळखल्यावर थांबायचं असतं. ही थांबेना. तशीच लटपटत पुढे. हसत नव्हती. मला वाटलं, नव्या कुणाची असेल. म्हटलं, "मास्तर?" नाही. "गाडी शिकायला येतात त्या उंच टाचांच्या बाई?" तेवढ्यात ती टेबलाला अडकली आणि रडायला लागली.

"अगं, हरले मी, सांग ना कोण ते."

"मी कुणीच नाहीये, आई."

मला हे उत्तर मोठं चलाख वाटलं. तीन संधी संपल्या, डाव माझ्यावर, म्हणून मी पदर खोचून तिच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाले. तिने बघितलंसुद्धा नाही. रुसली असेल. माझं लक्ष हल्ली सगळं गाडीत असतं, हे तिला डाचत असणार.

मंगळवार, ११ मार्च, सकाळ

दुधाच्या कपाशेजारी हात घालते, कपाला नाही. नवरा म्हणाला, "नीट बघ." ती म्हणाली, "कोणता घेऊ?" कप एकच होता.

नवऱ्याने लगेच तिला खिडकीशी बसवलं, एक डोळा झाकला, मग दुसरा, आपल्या त्या भिंगांच्या पेटीतलं एकेक भिंग लावून बघितलं. त्याच्यासाठी जगातलं सगळं दुखणं डोळ्यांत असतं. पण या वेळी त्याने पेटी मिटली. मग मला बाहेर बोलावून म्हणाला, "एकेका डोळ्याने नीट दिसतंय. दोन्ही उघडले की दोन दिसतात. आणि बाहुल्या हलताहेत. बारीक थरथरताहेत. हे भिंगाने सुटणारं नाही. आपण हॉस्पिटलला जाऊ."

मी म्हटलं, मास्तरांची दहा वाजता परीक्षा आहे, अकराला जाऊ. कालपासून सोंगं करतेय ती, त्यातलंच असेल. तो म्हणाला, "डोळ्यांच्या बाहुल्यांचं सोंग करता येतं का?"

येत असेल की. हिला सगळं येतं. हे लिहितेय आणि माझंच मला पटत नाहीये. मास्तरांना फोन करते

गुरुवार, १३ मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय. परवाचं वाक्य अर्धंच राहिलं.

फोनपर्यंत पोचले नाही. भिंगरी खुर्चीत बसली होती आणि तिचा उजवा हात टेबलावर आपटायला लागला, टक टक टक. मी पाठमोरी होते. मी म्हणाले, "पुरे झालं आता, भिंगरी!" ओरडलेच. मग वळले. तिचे डोळे एका बाजूला गेले होते आणि तोंड वाकडं. नवऱ्याने तिला खाली कुशीवर घेतलं. मी तिथेच उभी, आणि माझ्या डोक्यात काय यावं? ही कुणाची नक्कल, हे मला ओळखता का येत नाहीये. खरंच हेच आलं डोक्यात. कुणाला सांगण्याजोगं नाही हे.

गाडी मी चालवली. रोज चारचौघांना शिकवते ती गाडी मला चालवता येत नव्हती. क्लच कुठे आहे ते शोधत होते. दोनदा बंद पडली. मागे नवरा तिला मांडीवर घेऊन एकच सांगत होता, "हळू नको, हळू नको."

इथे तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. डोक्याचे फोटो काढले. झटके थांबवायचं औषध सुरू आहे. आता ती झोपलीय, पण ही झोप नाही, असं मेंदूच्या डॉक्टरीणबाई म्हणतात. मग काय आहे? त्यांनी सांगितलं, मला समजलं, आणि दाराबाहेर येईतो विसरले.

शुक्रवार, १४ मार्च

आज नवऱ्याला सोबत नेलं, दोघं मिळून ऐकलं, तर दोघांनी वेगवेगळं ऐकलं. म्हणून मी परत आत गेले. डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. साध्या भाषेत म्हणाल्या, "रुबेलानंतर मेंदूला सूज आली आहे. पुरळ जाऊन काही दिवसांनी असं होऊ शकतं. हजारो मुलांतून एखाद्याला."

"पण ते तर गेलं होतं. काळजी नको म्हणाले होते."

"बरोबरच म्हणाले ते. बहुतेक मुलांना काहीच होत नाही."

"आणि ही?"

"ही सूज आलेलीही बहुतेक मुलं बरी होतात. काही आठवडे लागतात."

"म्हणजे हिचं..."

"आत्ता मी 'बहुतेक' एवढंच म्हणू शकते."

बहुतेक. बाहेर येऊन मी तो शब्द इतक्या वेळा मनात म्हटला की त्याला अर्थच उरला नाही. ज्यांना काहीच होत नाही अशा बहुतेकांत ती नव्हती. मग बऱ्या होणाऱ्या बहुतेकांत ती असेल असं मी कशावरून धरू?

मग सिस्टरने विचारलं, "घरात, शेजारी कुणी गरोदर आहे का?" मला वाटलं, काय हा भलता प्रश्न. ती म्हणाली, हा आजार पोटातल्या बाळाला फार वाईट, म्हणून विचारावं लागतं. मी एकेक मजला आठवत गेले. आमच्या जिन्यात तरी कुणी नाही. ते ऐकून सिस्टरपेक्षा मलाच हायसं वाटलं.

तिने आणखी विचारलं, लस दिली होती ना? मी म्हटलं, "हो, हिचे बाबा घेऊन गेले होते." नवरा माझ्याकडे बघायला लागला. "तू नेलं होतंस ना? त्या दिवशी तिला ताप होता म्हणून परत आणलं, नंतर तू जाणार होतीस." मला वाटलं तो. त्याला वाटलं मी. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली. आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

रविवार, १६ मार्च

डोळे उघडले. माझ्याकडे बघून "बाई" म्हणाली. शाळेतल्या बाई.

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बुधवार, १९ मार्च

काका भेटायला आले. तिने ओळखलं नाही. मग ते खाटेसमोर तसे पाय फाकवून चालून दाखवायला लागले, बिचारे, मुद्दाम जास्तच वाकडे. सिस्टर धावत आली, त्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "आजोबा, चक्कर येतेय का?" मला हसू फुटलं, इतक्या दिवसांनी, आणि ते थांबेना, आणि मग ते हसू नव्हतंच.

भिंगरी छताकडे बघत होती.

शनिवार, २२ मार्च

आज सकाळी मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "आई, दुखतंय." आई!

मी धावत नवऱ्याला सांगायला गेले. तो म्हणाला, "काय दुखतंय तिला?" ते विचारायचंच राहिलं. परत आत गेले, विचारलं. केस.

दुपारी तिला उभं केलं. दोघांनी दोन बाजूंनी धरलं तरी पाय कुठल्या कुठे पडतात. वासरू जन्मल्यावर उभं राहतं ना, तसं. किल्लीला "ते... फिरवायचं" म्हणाली. नवऱ्याने तिला एक बोट दाखवून विचारलं किती. "एक," म्हणाली, आणि "सारखं सारखं काय विचारतोस?" असंही म्हणाली. तो भिंग पुसायचं फडकं घेऊन बराच वेळ आपला चष्मा पुसत राहिला.

सोमवार, ३१ मार्च

दोन दिवस झाले, घरी आणलंय. बोलते. जेवते. चालते, पण वळताना झोकांडी जाते, आणि लवकर दमते. पेन धरलं की अक्षरं डोंगर चढतात. कधी शब्दाशी येऊन अडते आणि रागावते.

आणि मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय. ती पाय ओढत आली की मी धावत जाते. विचारावं तर म्हणते, "चप्पल निसटली." डोळे मिटले की हलवून उठवते. काल तिने तोंड वेडंवाकडं केलं, मी किंचाळले. तिच्या दातात साल अडकली होती, सफरचंदाची. आजार कुठे संपतो आणि माझी मुलगी कुठे सुरू होते, हे कुणीतरी मला खडूने रेघ मारून दाखवावं.

आज जेवताना तिने मान एका बाजूला टाकली आणि एक डोळा बारीक केला. मी ताट सारून उठले. ती घाबरून म्हणाली, "सिस्टर होते गं मी. त्या नळीतलं औषध बघतात ना, तशी."

मी सांगून टाकलं, हा खेळ बंद. या घरात आता कुणी कुणाची नक्कल करायची नाही.

"कधीच?"

"कधीच."

ती निमूटपणे जेवली. हट्ट केला नाही. आमची भिंगरी आणि हट्ट करत नाही! ती दमलीय की दुखावलीय, तेही मला ओळखता येत नाही.

रविवार, ६ एप्रिल

काल डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नाकाला बोट लाव, सरळ रेषेत चाल, उलटे आकडे म्हण. पुष्कळ सुधारणा आहे म्हणाल्या. झटक्यांचं औषध अजून काही महिने. शाळा अर्धा वेळ. मी विचारलं, "अक्षर? ते अडखळणं? ते जाईल ना?" त्या म्हणाल्या, "बहुतेक." मग माझा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला पक्कं उत्तर हवंय, ते माझ्याकडे नाही. ती पूर्वी काय करायची?"

"नकला," नवरा म्हणाला.

"मग करू द्या. बघणं, लक्षात ठेवणं, अंगाने करून दाखवणं, हे सगळं मेंदूचंच काम आहे. कशाला थांबवलंत?"

नवरा माझ्याकडे बघत नव्हता, आणि ते बघण्याहून वाईट होतं. मी म्हटलं, "पण मग मला कसं कळणार, खरं कोणतं?"

"तिला विचारा," त्या म्हणाल्या, जणू किती सोपं आहे.

घरी येताना मी भिंगरीला सांगितलं, खेळ परत सुरू. ती "बरं" म्हणाली. बस, बरं. आठवडाभर काही केलं नाही तर मीच सुरुवात करीन.

शुक्रवार, ११ एप्रिल

मास्तर पास झाले! पेढे नाही, पेन घेऊन आले, भिंगरीसाठी. जाड दांड्याचं, धरायला सोपं. परीक्षेत "वळतो आहे" म्हणाले आणि खरोखर वळले म्हणे. मी पुन्हा गाडीत बसायला लागलेय, रोज दोनच विद्यार्थी. भिंगरी मागच्या सीटवर असते, घरी एकटी ठेवायला मन होत नाही. खिडकीतून बाहेर बघेल म्हटलं, तर सगळा वेळ पुढेच बघत असते. पूर्वीसारखी बडबड नाही. काय चाललंय तिच्या डोक्यात, देव जाणे.

शनिवार, १२ एप्रिल

आज दुपारी जेवायला बसलो होतो. नवऱ्याने पाण्याचा जग अगदी टेबलाच्या कडेवर ठेवला, ही त्याची जुनी खोड. मी त्याच्याकडे डोळे वटारले आणि तेवढ्यात समोर भिंगरीचं काहीतरी सुरू झालं.

ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर घट्ट. श्वास रोखलेला. नजर कुठेतरी लांब खिळलेली, ओठ आवळलेले. आणि टेबलाखाली तिचा उजवा पाय फरशीवर आपटायला लागला. धप. धप. धप.

परत आलं! माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. तेव्हा हात होता, आता पाय. मी वॉर्डचा नंबर लावायला फोन उचलला, नंबर सापडत नाही. नवऱ्याला म्हटलं, "धर तिला, कुशीवर घे!" तो जागचा हलेना. तोंडावर फडकं दाबून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतोय.

मी वाकून तिला विचारलं, "भिंगरी, काय झालं? असं काय करतेस?"

पाय आपटायचा थांबला नाही. नजरही हलली नाही. पण आवाज आला, दात आवळूनच, "बाद! तू विचारलंस. बाद झालीस."

मला काही कळेना. फोन हातात तसाच.

"आई, ओळख ना लवकर," ती म्हणाली. "पाय दुखायला लागला माझा."

मी म्हटलं, सिस्टर? नाही. मास्तर? नाही. डॉक्टरीणबाई? तिने डोळे फिरवले, खरेखुरे, वैतागून, दोन्ही एकदम आणि एकाच बाजूला. नवऱ्याने तोंडावरचं फडकं काढलं. रडत नव्हता, हसत होता, म्हणजे दोन्ही करत होता. बोलवेना म्हणून त्याने नुसतं बोट दाखवलं, टेबलाखाली, माझ्या बाजूला.

मी खाली पाहिलं. माझा उजवा पाय फरशी दाबून धरून होता, टाच उचललेली, चवडा पांढरा पडलेला. कधीपासून, कुणास ठाऊक.

मी पाय उचलला. समोर भिंगरीनेही उचलला.